गाडी कुणी काढली?

नानांचं बोट वरच्या फळीवरच्या पहिल्या जागेवर आलं आणि तिथंच थांबलं. मग त्यांनी सगळा पंजा फळीवर टेकवला, चाचपलं, आणि बोट पुन्हा शेवटच्या गाडीपासून उलटं मोजत आणलं. मी सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, मेथी निवडत बसले होते. माझ्याकडं न बघताच ते म्हणाले,

"सूनबाई, इथली अँबॅसिडर कुणी काढली?"

मी म्हटलं, खालच्या फळीवर असेल. पण नानांच्या गाड्या आपली जागा सोडत नसत, हे मलाही एव्हाना कळलं होतं.

नाना म्हणजे माझे सासरे, मल्लिकार्जुन आवटी. जयसिंगपुरात कुणालाही विचारा, गाडी कुणाकडं शिकलास, तर निम्मे लोक आवटींच्या ड्रायव्हिंग स्कूलचं नाव घेतील. त्यांची शिकवायची एक तऱ्हा होती. आलेल्याला ते आधी स्कूलच्या फियाटमध्ये बसूच देत नसत. सोप्यात एक मोठं हिरवं टेबल होतं, त्यावर पांढऱ्या रंगात जयसिंगपूरच्या सगळ्या गल्ल्या काढलेल्या, अगदी स्टँडसकट. त्या टेबलावर खेळण्यातली अँबॅसिडर हातात देऊन ते शिकवायचे. वळव, थांबव, मागं घे. टेबलावर जमलं की मग रस्त्यावर. एका अँबॅसिडरला समोरून यायला म्हणून ट्रक आला, मग डबलडेकर आली, शिडीची बंबगाडी, रोडरोलर, जीप, एक टांगासुद्धा आला. पुढं शिकवणं बाजूलाच राहिलं आणि नादच लागला. मुंबईला जाणाऱ्याला ते लाडू-चिवडा आण म्हणायचे नाहीत, चिमुकली गाडी आण म्हणायचे.

काचबिंदूनं डोळे गेल्यासारखे झाले तसं स्कूल बंद पडलं. फियाट शेडमध्ये उभी राहिली. शेजारचा एक पोरगा आठवड्यातून एकदा ती सुरू करून ठेवायचा, एवढंच. नानांना उरलं ते काचेचं कपाट. सकाळचा चहा झाला की ते कपाट उघडायचे आणि एकेका गाडीच्या टपावरून बोट फिरवायचे. कुठली गाडी कुठली, हे त्यांना बोटानं कळायचं. अँबॅसिडरचं मागचं एक चाक तारेनं बसवलेलं होतं. ती सगळ्यांत पहिली आलेली, म्हणून वरच्या फळीवर पहिली.

आणि तीच नव्हती.

घरभर शोधाशोध झाली. माझे मिस्टर शिवानंद, साखर कारखान्यात केमिस्ट, ते कपाटामागं टॉर्च मारून बघत होते. माई, म्हणजे माझ्या सासूबाई, केरसुणी घेऊन पलंगाखाली वाकल्या होत्या. "गाडीला काय पाय फुटलेत का," असं पुटपुटत त्यांनी पलंगाखालचा कोपरान् कोपरा झाडला. सगळ्यांत जास्त शोधलं त्यांनीच.

मी वैशाखात लग्न होऊन आलेली. आता नवरात्र तोंडावर आलं होतं. इतकी वर्षं त्या कपाटातून टाचणी हलली नव्हती. हा हिशोब कुणी मोठ्यानं केला नाही, पण तो सगळ्यांच्या मनात झाला. कपाटाची किल्ली कायम देव्हाऱ्यामागच्या खिळ्याला असायची. संध्याकाळी मी दिवा लावायला गेले तर खिळा रिकामा होता. नाना जेवायला बसले तेव्हा त्यांच्या बंडीच्या खिशात किल्ली वाजली. मी भाकरी वाढत होते. माझ्या हातातली भाकरी ताटात न पडता ताटाच्या काठावर पडली.

त्याच्या आदल्या आठवड्यात माझा भाऊ येऊन गेला होता. सोमूदादा. विट्याहून बेदाण्याची पिशवी घेऊन आला आणि कपाटासमोरून हलेचना. गाड्यांचं वेड त्यालाही. नानांना कोण आनंद झाला. त्यांनी स्वतःच्या हातानं ती अँबॅसिडर काढून त्याच्या तळहातावर ठेवली, आणि दादानं ती चाकं फिरवून फिरवून बघितली. तेव्हा सगळे हसले होते. आता त्या हसण्याची आठवण कुणी काढत नव्हतं, आणि तेच मला जास्त टोचत होतं.

अशात दादाचा फोन आला. फोन सोप्यात होता, नाना शेजारीच आरामखुर्चीत पडलेले. दादानं वडापसाठी, म्हणजे खेडोपाडी प्रवासी ने-आण करायला, जीप घेतली होती. आनंदानं त्याचा आवाज फुटत होता. पण म्हणाला, कुणाला बोलू नकोस, दसऱ्याला पूजा करतो आणि थेट तुझ्या दारात आणून उभी करतो, त्याआधी कुणाची नजर नको. मी म्हटलं, "काढलीस गाडी? खरंच? नाही, नाही, इथं कुणाला सांगत नाही मी. दसरा होऊ दे." फोन ठेवला तेव्हा नानांच्या खुर्चीची करकर थांबली होती. मला वाटलं, डोळा लागला असेल.

त्या दिवसापासून नाना माझ्याशी बोलेनासे झाले. म्हणजे चहा आण, पेपर वाच, एवढं बोलायचे. पण पूर्वी पेपर वाचून झाला की एखादी गाडी हातात देऊन ती कुणी आणली, कशी आणली, हे रंगवून सांगायचे, ते बंद झालं. मी सोप्यात गेले की बाप-लेक गप्प व्हायचे आणि मग कोणीतरी उगाच हवेबद्दल काहीतरी म्हणायचं.

मी काही गप्प बसणाऱ्यांतली नाही. चोरी मी केली नव्हती, तर मग घरातल्याच कुणीतरी केली होती. मी बघायला लागले.

आणि बघायला लागल्यावर पहिली दिसली ती माई.

माई बोलायला कमी. कुणी काही म्हटलं तर पदर नीट करून कामाला लागायच्या. दुपारी त्या भजनाला जायच्या, इंगळेकाकूंकडं. एक दिवस इंगळेकाकूच दारात आल्या. म्हणाल्या, तुझ्या सासूबाई आजारी आहेत का गं, नवरात्रात भजनाला यायच्या बंद झाल्यात त्या. मी पटकन म्हटलं, कंबर धरलीय. काकू गेल्या आणि मी दारातच उभी राहिले. अर्ध्याच तासापूर्वी माई टाळ पिशवीत घालून "भजनाला जाऊन येते" म्हणून गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी पहाटे जरा लवकर उठले. स्वयंपाकघरात कट्ट्यावर पिठाच्या रेघा होत्या. उभ्या, आडव्या, एकमेकींना छेदून गेलेल्या. पीठ सांडलेलं नव्हतं, मुद्दाम ओढलेलं होतं. मी काही विचारायच्या आत माईंनी ओल्या फडक्यानं सगळं पुसून काढलं. त्यांच्या बोटांना हळद होती, आणि चुलीवर अजून काहीच चढलं नव्हतं.

मग बाजारात. कोपऱ्यावर आलो तर माई थबकल्या. डोळे मिटल्यासारखे केले आणि ओठांतल्या ओठांत म्हणाल्या, "हळदीकडं... नको, कुंकवाकडं." आणि वळल्या. मी म्हटलं, काय म्हणालात? त्या म्हणाल्या, काही नाही, हळद संपलीय घरातली. घरात हळद डबाभर होती, मी स्वतः भरली होती.

आता सांगते, माझ्या मनात काय काय आलं. पिठाच्या रेघा, हळद, कुंकू, तोंडानं काहीतरी पुटपुटणं. आमच्या विट्याकडं असलं काही दिसलं की बायका लेकरं आत घेतात आणि दार लावतात. मला करणीबिरणीवर विश्वास नव्हता, कॉलेज केलेली मी. तरी त्या रात्री मी माझ्या उशीखाली हात घालून बघितला, काही ठेवलंय का.

पुढच्या दुपारी माई निघाल्या तशी मी मागं मागं गेले. जयसिंगपूरच्या गल्ल्या सरळसोट, लपायला कोपरा मिळत नाही. मी पार मागं राहून चालत होते. माई इंगळेकाकूंच्या घरावरून पुढं गेल्या, तिकडं वळूनही बघितलं नाही. गावाबाहेर जाणाऱ्या रस्त्याला लिंबाचं झाड होतं, त्याखाली एक चॉकलेटी फियाट उभी होती, आमची नव्हे. एक बाई बाहेर टेकून उभी होती, काळा गॉगल, हातात घड्याळ. माईंनी इकडंतिकडं बघितलं आणि पिशवीतून काहीतरी काढलं. खणात गुंडाळलेलं. खण सोडला तसं आत पांढरं चकाकलं.

ती अँबॅसिडर होती. तारेचं चाक इतक्या लांबून दिसणं शक्य नव्हतं, पण मला दिसलं म्हणून शपथेवर सांगितलं असतं मी. त्या बाईनं ती हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली, माल पारखून घेतात तशी. मी पुढचं बघायला थांबले नाही.

घरी येऊन मोरीत तोंडावर पाणी मारलं आणि रडले. कुणाला सांगणार? माईंना विचारलं तर त्या पदर नीट करतील. नानांना सांगितलं तर नवी सून सासूवर चोरी घालते, असं होईल. संध्याकाळी मी शिवानंदांना एवढंच विचारलं, की माई दुपारच्या कुठं जातात हो?

"भजनाला," ते म्हणाले. मग माझ्याकडं बघत राहिले. "तू का विचारतेस?"

मी म्हटलं, सहज. ते पलंगावर माझ्याजवळ बसले, माझा हात हातात घेतला, आणि फार हळू आवाजात म्हणाले, "रोहिणी, काही झालं असेल तर मला सांग. सोमूच्या हातून झालं असेल तरी सांग. मी नानांना समजावतो."

मी हात काढून घेतला. लग्नानंतर कितीतरी वेळा आम्ही भांडलो असू, पण त्यांचा हात नकोसा झाला तो त्या एका संध्याकाळी.

खंडेनवमी आली. घरोघरी विळ्या-कोयत्या, शिवणयंत्रं, गाड्या धुऊन पूजेला मांडायचा दिवस. आमच्याकडं हिरवं टेबल पुसलं जायचं आणि कपाटातली एकूण एक गाडी त्या गल्ल्यांमध्ये उभी राहायची. नाना प्रत्येकीच्या टपावर झेंडूची एक पाकळी ठेवायचे. हळदीकुंकू मात्र टेबलाच्या कडेला, गाडीला नाही. कारण रंगाला डाग पडतो. यात नानांचा कटाक्ष असा की एकदा कुणा पाहुण्या बाईनं रोडरोलरला कुंकवाचं बोट लावलं तर ते तिच्यादेखत फडकं घेऊन पुसत बसले होते.

अँबॅसिडरची जागा स्टँडसमोर. ती मोकळी होती. नानांनी सगळ्या गाड्यांवर पाकळ्या ठेवल्या आणि एक पाकळी त्या मोकळ्या जागेवर ठेवली. मग ते खुर्चीत बसले.

"उद्यापर्यंत गाडी जागेवर आली," ते म्हणाले, "तर कुणी काढली होती, हे मी विचारणार नाही."

मी म्हटलं, "नाना, मी काढलेली नाही."

"तू काढलीस असं मी म्हणत नाही. तुझ्या भावानं काढली. मी माझ्या कानांनी ऐकलंय. काढलीस गाडी, म्हणालीस. इथं कुणाला सांगत नाही, म्हणालीस. डोळे गेलेत माझे, कान नाहीत."

एक क्षण मला काही उमगेना. मग उमगलं, आणि मला हसू का रडू तेच कळेना. मी सांगितलं. जीप काढलीय दादानं, नवी, वडापसाठी, अजून पूजा व्हायचीय, म्हणून बोलायचं नव्हतं. बोलताना माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं, इतकं ते आयत्या वेळी रचल्यासारखं होतं.

नाना म्हणाले, "जीप काढली, हे चांगलंच झालं की. त्यात लपवायचं काय?" मग म्हणाले, "माहेरची बॅग आहे ना तुझी? ती एकदा उघडून दाखव. विषय संपला."

मी शिवानंदांकडं बघितलं. ते टेबलावरच्या बंबगाडीची शिडी सरळ करत होते. म्हणाले, "दाखव ना. लपवायला काय आहे?"

माई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या होत्या. हातात आरतीचं तबक, तबकात हळदीकुंकवाचा करंडा. त्या माझ्याकडंच बघत होत्या. मला तेव्हाच बोलता आलं असतं. लिंबाचं झाड, चॉकलेटी फियाट, गॉगलवाली बाई, सगळं जिभेवर होतं. पण त्यांच्या हातातलं तबक इतकं थरथरत होतं की निरांजन विझलं, आणि माझी जीभ रेटेना.

मी खोलीत गेले, बॅग आणली आणि टेबलावर, सगळ्या गाड्यांच्या मधोमध ठेवली. दोनचार पाकळ्या उडाल्या. कुलूप लावलेलंच होतं.

"ही उघडणार नाही," मी म्हटलं. "उघडली तर आत साड्या निघतील. मग तुमचा विषय संपेल, पण माझा सुरू होईल. बॅग उघडून दाखवलेली सून म्हणून मला या घरात राहायचं नाही. एकतर ही बंदच्या बंद माझ्या खोलीत जाईल, नाहीतर विट्याच्या एसटीत."

मग माईंनी तबक खाली ठेवलं, देवघरात गेल्या, आणि कुंकवाचा मोठा डबा घेऊन आल्या. झाकण उघडलं. खणाची गुंडाळी सोडली. अँबॅसिडर नानांच्या हातावर ठेवली.

"गाडी मी काढली," त्या म्हणाल्या.

नानांचं बोट टपावरून मागच्या चाकावर गेलं, तारेवरून फिरलं. मग दारांवर आलं आणि अडखळलं. त्यांनी बोट नाकाशी नेलं. "हळद? अगं, हळद लावलीस गाडीला? आणि इकडं हे... डाग पडतो रंगाला, माहीत नाही तुला?"

"पडू दे की."

डाव्या दाराला हळदीचं बोट होतं, उजव्याला कुंकवाचं. ते कपाट आता माझ्याकडं असतं. दर दसऱ्याला सगळ्या गाड्या मी फडक्यानं पुसते, ती दोन दारं सोडून.

मग माई बोलल्या. इतकं सलग बोलताना मी त्यांना तोवर कधी ऐकलं नव्हतं. लग्न नवं असताना त्यांनी नानांना म्हटलं होतं, सगळ्या गावाला शिकवता, मलाही शिकवा. नानांनी फियाटमध्ये बसवलं. डावीकडं घे म्हणाले तर माईंनी उजवीकडं घेतली, आणि गाडी गटारात. मागं दोन शिकाऊ पोरं बसली होती, ती हसली. नानाही हसले. म्हणाले, हिचं डावं-उजवं कच्चं आहे, हिला पाटावरच बसू दे. पुढं ते ज्याला त्याला हे सांगायचे, गंमत म्हणून. माई चहा घेऊन सोप्यात आल्या की कुणीतरी पोरगं विचारायचं, काकू, चहा डावीकडं ठेवताय का उजवीकडं.

"पण सवाष्णीला लावताना माझा हात कधी चुकला नाही," माई म्हणाल्या. "करंड्यात हळद डाव्या हाताला, कुंकू उजव्या हाताला. तेवढं मला झोपेतही कळतं. मग म्हटलं, गाडीलाच लावून बघू. कट्ट्यावर पिठाच्या गल्ल्या काढायच्या आणि फिरवायची. हळदीकडं, कुंकवाकडं. मुजावरांची मुमताज आहे ना, तुमच्याकडंच शिकलेली, ती बायकांना शिकवते आता. तिच्याकडं जात होते. तिलाही आधी टेबलावरच शिकवायचं असतं. तुमचंच शिकवणं."

"पण कशाला?" नानांचा आवाज बारीक झाला होता.

"डोळ्यांच्या डॉक्टरकडं मिरजेला जायचं म्हटलं की चार दारं पुजावी लागतात. कुणी मोकळं आहे का, कुणी गाडी चालवेल का. आपल्या दारात गाडी असून. उद्या दसरा. उद्या बाहेर काढून दाखवणार होते." मग त्या माझ्याकडं वळल्या. "रोहिणी, तुझ्यावर आलंय हे मला दिसत होतं. दिसत नव्हतं असं म्हणणार नाही मी. रोज म्हणत होते, अजून थोडी कळ काढू दे पोरीला, एकदा दसरा होऊ दे. ते माझं चुकलं."

मला राग आला होता, खरंच सांगते. माझ्या जिवावर माईंनी गाडी शिकायची आणि मी रोज मरायचं. मी म्हटलं, "माई, तुमची कळ तुम्ही काढायची होती." त्यांनी मान हलवली. पदर नीट केला नाही, तशाच उभ्या राहिल्या. त्या सारखा न केलेल्या पदराकडं बघून माझा निम्मा राग गेला, पण निम्माच.

"चला," त्या नानांना म्हणाल्या. "उद्याचं आज. रोहिणी, तूही चल. बॅग घेऊन बस."

शिवानंद पुढं आले तर माई म्हणाल्या, "तू पूजेपाशी थांब. निरांजन विझलंय, ते लाव."

शेडमध्ये फियाटचं नाक भिंतीकडं होतं, म्हणजे उलटीच बाहेर काढायला हवी. नाना डावीकडच्या सीटवर बसले. स्कूलची गाडी ती, त्या बाजूलाही ब्रेक होता, आणि बसल्याबरोबर सवयीनं त्यांचा पाय ब्रेकवर गेला. मी मागं, मांडीवर बॅग. माईंनी किल्ली फिरवली. इंजिन खोकलं आणि लागलं.

"पाय काढा," माई म्हणाल्या.

"असू दे, सवयीनं..."

"काढा."

नानांनी पाय मागं घेतला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, शाळेतल्यासारखे. गाडी हळूहळू मागं सरकली. फाटकाचे दोन खांब दोन्ही बाजूंनी इतके जवळून गेले की मी श्वास रोखला. माई मान मागं वळवून बघत होत्या, ओठ हलत होते. चाक वळलं आणि आम्ही गल्लीत आलो. ओसरीवर इंगळेकाकू तोंडाला पदर लावून बघत होत्या. नाना काही दिसत नसताना समोर बघत होते. मधूनच म्हणाले, "क्लच पुरता सोडलास का?" माई हो म्हणाल्या.

सगळीकडं झेंडूचे ढीग. लोक बाजूला होत होते. आमची गाडी चौकात आली आणि माईंनी ती थांबवली. कडेला नाही, मधोमध. इंजिन बंद केलं. मागं एक ट्रॅक्टर होता, त्यानं हॉर्न वाजवला. मग एक रिक्षा, मग आणखी कुणीतरी.

"काय झालं? बंद पडली?" नाना घाबरले.

"बंद केली." माईंनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. "इथून कुंकवाकडं घेतली की एसटी स्टँड. हळदीकडं घेतली की गल्लीला वळसा घालून घर. मागं सूनबाई बसलीय, तिच्या मांडीवर बॅग आहे. तुम्ही सांगा, कुठं घेऊ."

हॉर्न वाजतच होते. ट्रॅक्टरवाला खाली उतरून आला, आत बघितलं, आवटीमास्तर दिसले तसा तोही गप उभा राहिला. त्याचं लायसनसुद्धा नानांच्याच हातचं असणार. नानांनी मान वळवली. त्यांना मी दिसत नव्हते, मागच्या सीटवर एक सावली तेवढी दिसत असेल. त्यांनी हात मागं केला, चाचपला, आणि तो माझ्या बॅगेच्या कुलपावर येऊन थांबला. बोटानं त्यांनी ते कुलूप ओळखलं.

"रोहिणी," ते म्हणाले. सूनबाई म्हणाले नाहीत. "माझं चुकलं. तुझ्या भावाचंही मी चुकीचं बोललो. जीप घेऊन आला की त्याच्याही तोंडावर म्हणेन."

मी नुसतं "नाना" म्हटलं.

ते पुन्हा समोर वळले. पाय ब्रेककडं गेला, तो त्यांनी आपणच मागं घेतला. घसा खाकरला, एखाद्या शिकाऊ पोराला सांगायचे त्या जुन्या आवाजात म्हणाले,

"घे. हळदीकडं घे."

माईंनी गाडी सुरू केली. मी मांडीवरची बॅग उचलली आणि खाली पायाशी ठेवली.